‘चाकरा’ : गाळ की मासळी?

केरळात आळेप्पीच्या किनाऱ्यावर, ऐन पावसाळ्यात बाकीचा समुद्र खवळलेला असताना, काही किलोमीटरांचा एक अर्धवर्तुळाकार पट्टा तळ्यासारखा निवांत होतो. तळाशी दह्यासारखा पातळ झालेला चिखल असतो. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा तो ढवळतात आणि त्यातच त्यांचा जोर जिरतो. हीच मडबँक. 18व्या शतकातल्या दर्यावर्दी वर्णनांत ती सापडते आणि 1762च्या सुमारास उभ्या राहिलेल्या आळेप्पी बंदराला पावसाळ्यात तिचाच आडोसा होता. किनाऱ्यामागच्या वेंबनाड सरोवराच्या पाण्याच्या दाबाने चिखल जमिनीखालून समुद्रात ढकलला जातो, असा तर्क 19व्या शतकात बराच चालला.

खरा गुंता ‘चाकरा’ या मल्याळी शब्दाचा आहे. (मराठी ‘चाकर’शी त्याचा संबंध नाही.) किनाऱ्यावरचे लोक चाकरा म्हणतात ते मासळीच्या लोटाला: तारली, बांगडा, कोळंबी अगदी काठाशी येते तो हंगाम. मडबँक आणि चाकरा बऱ्याचदा एकाच वेळी, एकाच जागी दिसतात, म्हणून अभ्यासकांनी दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले. त्यातून कार्यकारणही गृहीत धरले गेले. चिखलातून खत सुटते, त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात आणि प्लवकांमागे मासे येतात, अशी ती साखळी. माझ्या मते या एका गल्लतीने कित्येक वर्षांचा अभ्यास भलत्या दिशेला नेला.

तारलीचे पोट डायटमवर (एकपेशीय सूक्ष्म शैवालावर), विशेषतः फ्रॅजिलारियावर भरते, हे 20व्या शतकाच्या मध्यापर्यंत माहीत झाले होते. पण हे डायटम फुलतात कशावर? 2014च्या पावसाळ्यात आळेप्पीला मडबँकेच्या आत आणि बाहेर ठरावीक अंतराने नमुने घेतले गेले. थंड, कमी प्राणवायूचे, पोषकद्रव्यांनी भरलेले तळचे पाणी दोन्हीकडे वर आलेले होते. वनस्पतिप्लवकांची वाढ मुख्यतः त्या पाण्यावर होती आणि ते वर येण्याची क्रिया मडबँकेपुरती नव्हती. दाट चिखल तळालगतच राहत असल्याने वर उजेडही पोचत होता. मडबँकेचे देणे वेगळेच निघाले: शांत पाणी, म्हणजे छोट्या होडीला जाळे टाकता येण्याजोगा समुद्र.

हा फरक कागदी नाही. 1980च्या दशकातल्या मच्छीमारांच्या आंदोलनांनंतर, 1988पासून केरळात पावसाळी ट्रॉलबंदी, म्हणजे यांत्रिक बोटींनी ओढायच्या ट्रॉल जाळ्यांवर बंदी, आली. पारंपरिक होड्यांना मात्र मुभा राहिली. ऐन जुलैत त्यांना निर्धोक समुद्र मिळतो तो या पट्ट्यात. त्यांच्या जाळ्यात काय येणार, हे मात्र तळच्या पाण्यावर, डायटमवर आणि आधीच्या वर्षांत किती तारली उपसली गेली यावर ठरते. केरळातली तारलीची पकड 2012मध्ये सुमारे 3.9 लाख टन होती. 2021मध्ये ती साधारण 3,300 टनांवर आली. नुसत्या चिखलाच्या नोंदी ठेवून या घसरणीचा माग लागला नसता.