टायमिंग बेल्ट आधी आवाज करतो का?

‘टायमिंग बेल्ट तुटण्याआधी आवाज करतो, तोवर बदलायची गरज नाही,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. हा बेल्ट इंजिनातले व्हॉल्व्ह (झडपा) पिस्टनच्या हालचालीशी जुळवून उघडतो-मिटतो. बोनेटमधून येणारी किंचाळी बहुधा अल्टरनेटर फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्याची असते. कव्हरआडचा दातेरी रबरी टायमिंग बेल्ट मात्र अनेकदा कोणतीही चाहूल न देता तुटतो किंवा त्याचे दात झिजतात, आणि मग बऱ्याच इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतात. रबर वयानेही थकते, म्हणून गाडी कमी फिरली तरी वर्षांची मर्यादा लागू राहते. खात्रीसाठी गाडीच्या पुस्तिकेतील देखभाल तक्ता पाहावा (काही इंजिनांत बेल्टऐवजी साखळी असते) आणि तो जुन्या सर्व्हिस बिलांशी ताडावा. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि त्याच बेल्टवर चालणारा वॉटर पंपही बदलावा, कारण मजुरी बहुतांशी तीच असते.