कॅमेऱ्याला पांढरं आणि काळं ओळखता येत नाही

पावसाळ्यात राजगडावर धुकं उतरलं की समोरचं सगळं पांढरंशुभ्र दिसतं. फोटोत मात्र तेच धुकं मळकट, करडं येतं. उलट वेरूळच्या कैलास लेण्यात काळ्या बेसाल्टवर कॅमेरा रोखला, तर दगड फिकट राखाडी होऊन बसतो. अशा वेळी बरेच जण महागडा फोन घ्यायच्या विचाराला लागतात. पण फोन बदलून हे फारसं सुधारत नाही, कारण अडचण उजेड मोजण्याच्या पद्धतीतच आहे.

कॅमेऱ्याचा मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो. तिच्यावर मुळात किती उजेड पडला होता, हे त्याला कळायला मार्ग नाही. भर दुपारच्या उन्हात साधारण 1 लाख लक्स (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. समजा, त्या उन्हातली काळी छत्री त्यातला 4 टक्के परत फेकते. पडवीत साडेचार हजार लक्स असेल आणि तिथला पांढरा कागद 90 टक्के उजेड परत फेकत असेल, तर मीटरच्या हिशेबी दोघांची चमक जवळजवळ सारखीच! आपला मेंदू आजूबाजूचं पाहून छत्री काळी आणि कागद पांढरा हे क्षणात ठरवतो. मीटर मात्र समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतो आणि तेवढाच उजेड आत घेतो.

घरी करून पाहा. पांढऱ्या टॉवेलने अख्खी चौकट भरून एक फोटो काढा, मग काळ्या टॉवेलचा काढा. दोन्ही करड्याकडे झुकलेले दिसतील. नवे फोन एका वेळी अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतात, दृश्य ओळखायचाही प्रयत्न करतात, त्यामुळे फरक थोडा कमी होतो, पण जात नाही.

उपाय सोपा आहे आणि बहुतेक फोनमध्ये आहे. स्क्रीनवर विषयाला बोट लावलं की शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह किंवा सरकपट्टी येते. ती वर सरकवली की उजेड वाढतो, खाली घेतली की कमी होतो. मोठ्या कॅमेऱ्यावर यासाठी अधिक-उणेचं बटण असतं आणि तिथे +1 म्हणजे दुप्पट उजेड. धुकं, पांढरं धोतर, मिठागर असं काही असेल तर उजेड वाढवायचा. काळा कातळ, काळी म्हैस असेल तर कमी करायचा. पांढऱ्याला आणखी उजेड द्यायचा हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण हात बसला की फोटो एकदम बदलतात. माझ्या मते हौशी माणसाने सगळ्यात आधी शिकावी अशी ही एकच गोष्ट आहे.

दिवाळीच्या पणत्यांना हाच नियम लागतो. चौकटीत अंधार जास्त, म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि ज्योतीच्या जागी पांढरा ठिपका उरतो. सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीवरच्या, प्रत्येक बिंदूची उजेड साठवायची एक मर्यादा असते. लाल, हिरवा, निळा तिन्ही काठोकाठ भरले की रंग उरतच नाही, आणि तो नंतर कुठल्याही अ‍ॅपने परत आणता येत नाही. सावलीतला तपशील मात्र थोडीफार रवाळी (दाणेदारपणा) सोसून वर काढता येतो. म्हणून पट्टी इतकी खाली घ्या, की ज्योतीचा केशरी रंग दिसू लागेल. भोवतालचा अंधार अंधारच राहू द्या.

माणसांचे फोटो काढताना उजेड किती यापेक्षा तो केवढ्या जागेतून येतो हे महत्त्वाचं. आपल्याला आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. एवढ्याशा जागेतून येणारा उजेड सावलीला धारदार कड देतो. दुपारी बारा वाजता तो डोक्यावर असल्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाखाली डाग दिसतो. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. लग्नात भर उन्हात फोटो काढायची वेळ आली, तर माणसांना मांडवाच्या कडेशी, सावलीत एक पाऊल आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून उभं करा. त्वचेचा पोत, डोळ्यांतली चमक, शालूची जर, सगळं नीट येतं.

फ्लॅशचा दिवाही तसाच इवलासा, शिवाय त्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 1 मीटरवरच्या आत्याला जेवढा मिळतो, त्याचा नववा हिस्सा 3 मीटरवरच्या काकांना. पुढची रांग पांढरीफटक, मागची काळोखात, असे समूहफोटो त्यातूनच येतात. मागच्यांना पुढे ओढून सगळ्यांना जवळजवळ एकाच अंतरावर आणा, नाहीतर फ्लॅश बंद करून हॉलचे दिवे लावा.

गणपतीच्या सजावटीतल्या एलईडी माळांमुळे फोटोत कधी आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला बहुधा 100 वेळा लुकलुकतात, आणि बहुतेक फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपल्या हाताने ठरवता येतात) शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवलं की प्रत्येक ओळीला पूर्ण लुकलुक मिळते आणि पट्टे जातात. 1/50 वर हात मात्र हलू देऊ नका. कोपर छातीशी घट्ट धरा किंवा खांबाला टेकून उभे राहा.