कॉक्स-१ आणि कॉक्स-२: एक पोट सांभाळतो, दुसरा दुखणं वाढवतो, एवढंच?

गुडघेदुखीवर डॉक्टरांनी कधी आयबुप्रोफेन लिहून दिलेलं असतं, कधी एटोरिकॉक्सिब. पहिलीबरोबर ‘रिकाम्या पोटी घेऊ नका’ अशी ताकीद मिळते, दुसरीबद्दल ‘ही पोटाला सोसते’ असं ऐकायला मिळतं. हा फरक ज्या दोन प्रथिनांमुळे पडतो, त्यांच्याबद्दल फार सोपी गोष्ट सांगितली जाते: कॉक्स-१ चांगला, कॉक्स-२ वाईट. मलाही आधी तेच शिकवलं होतं.

कॉक्स म्हणजे सायक्लोऑक्सिजनेज, पेशीच्या आतल्या पडद्यांमध्ये रुतून बसलेलं विकर (एन्झाइम). ॲराकिडोनिक आम्ल हे पेशीतलं मेदाम्ल त्याच्या बोगद्यात शिरतं आणि प्रोस्टाग्लँडिनांचा, म्हणजे दुखणं-सूज वाढवणाऱ्या आणि इतरही कामं करणाऱ्या रसायनांचा, कच्चा माल होऊन बाहेर पडतं. ॲस्पिरिन हेच काम बंद पाडतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. तेव्हा कॉक्स एकच आहे असं सगळे धरून चालले होते. दुसरा सापडला १९९१ मध्ये.

दोघांची घडण साधारण ६० टक्के जुळते आणि कामही तेच. फरक हजेरीचा आहे. कॉक्स-१ बहुतेक पेशींत बारमाही असतो. जठराचं अस्तर जपणारी प्रोस्टाग्लँडिनं त्याच्याकडून येतात. कॉक्स-२ बऱ्याच ठिकाणी एरवी दिसत नाही. जखम झाली, सूज आली की काही तासांत पेशी तो तयार करतात. जुन्या गोळ्या दोघांनाही अडवत. सुक्याबरोबर ओलंही जळायचं: दुखणं थांबे, पण जठराला व्रण होण्याचा धोका वाढे.

मग फक्त कॉक्स-२ ला अडवणारी गोळी का करू नये? आणि ते शक्यही होतं, एका बारीकशा फरकामुळे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; बोगद्यात ५२३ व्या जागी कॉक्स-१ मध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल आहे, कॉक्स-२ मध्ये व्हॅलिन. व्हॅलिन एका कार्बनने लहान. तेवढ्या मोकळ्या जागेमुळे कॉक्स-२ मध्ये बाजूला एक कप्पा उघडा राहतो आणि सेलेकॉक्सिब या नव्या औषधाचं टोक नेमकं त्यात जाऊन बसतं. एका कार्बनवर औषधांचा अख्खा गट उभा राहावा, याचं मला अजूनही नवल वाटतं. १९९८ च्या अखेरीस अमेरिकेत सेलेकॉक्सिबला मंजुरी मिळाली, १९९९ मध्ये त्याच गटातल्या रोफेकॉक्सिबला.

चूक झाली ती रक्तवाहिन्यांच्या हिशेबात. प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक कणांमध्ये, काम करतो तो कॉक्स-१. त्याच्यामुळे बनणारं थ्रॉम्बॉक्सेन रक्ताची गुठळी व्हायला मदत करतं. रक्तवाहिनीच्या अस्तरातून येणारं प्रोस्टासायक्लिन गुठळी होऊ देत नाही, आणि ते बनवण्यात मोठा वाटा ‘वाईट’ ठरवलेल्या कॉक्स-२ चा. फक्त त्यालाच गप्प केलं की तराजू गुठळीच्या बाजूला झुकतो. २००० मधल्या एका मोठ्या चाचणीत रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांना नेप्रोक्सेन ही जुनी वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचे झटके जास्त आले. त्यावर ‘नेप्रोक्सेनच हृदयाला जपत असेल’ असा खुलासा पुढे आला. तो तेव्हा कसा पटला, कोण जाणे! पुढच्या चाचणीत समोर नुसती बिनऔषधाची गोळी होती, तरीही धोका जवळपास दुप्पट निघाला. ३० सप्टेंबर २००४ ला मर्क कंपनीने औषध जगभरातून मागे घेतलं. त्याच डिसेंबरात भारतातही बंदी आली.

मूत्रपिंडात तर कॉक्स-२ कायम कामावर असतो. म्हणून ‘पोटाला सोसणारी’ गोळीही पाय सुजवू शकते, रक्तदाब चढवू शकते.

नावावरूनही फसायला होतं. डायक्लोफेनॅक जुन्या गोळ्यांत मोजलं जातं, पण कॉक्स-२ कडे त्याचा कल जवळजवळ सेलेकॉक्सिबइतकाच आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये त्याचा हृदयाचा धोका याच नव्या गटासारखा असल्याचं बजावलं. उलट २०१६ मधल्या मोठ्या चाचणीत मध्यम मात्रेतलं सेलेकॉक्सिब हृदयाच्या बाबतीत आयबुप्रोफेन किंवा नेप्रोक्सेनपेक्षा वाईट ठरलं नाही.

आता कॉक्स-१ ची दुसरी बाजू. हृदयरोग्याला रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देतात ते त्यालाच अडवायला. ॲस्पिरिन कॉक्सला कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवा कॉक्स-१ बनवणं तिला जमत नाही; ती तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यभर तशीच राहते. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी मात्र नवं विकर बनवून घेतात. पण आधी आयबुप्रोफेन घेतलं असेल, तर ते त्याच बोगद्यात तात्पुरतं ठाण मांडतं. ॲस्पिरिनला आत शिरता येत नाही, आणि आयबुप्रोफेन निघून जाईपर्यंत ॲस्पिरिन रक्तातून संपलेलं असतं. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने अंगदुखीसाठी स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन्हींच्या वेळा विचारून घ्याव्यात.