दीड हाताचं अंतर

अनोळखी माणूस बोलता बोलता जवळ सरकला, की आपण नकळत एक पाऊल मागे घेतो. विचार नंतर येतो. मागे सरायला लावणारी ही यंत्रणा मेंदूत आहे आणि तिची हद्द मोजताही येते.

पद्धत साधी आहे. दोघांना तीन-चार मीटरवर समोरासमोर उभं करायचं. एकाने सावकाश चालत यायचं आणि जिथे अगदी सोयीचं वाटेल तिथे थांबायचं. अंतर मोजायचं ते हनुवटीपासून हनुवटीपर्यंत. बुटांच्या टोकांमधलं मोजलं तर कोण किती पुढे झुकलंय ते निसटतं. एका फेरीवर विसंबू नये. ओळखीपाळखीने अंतर घटतं, म्हणून समोरचा माणूस अनोळखी हवा, त्याची नजर आणि चेहरा प्रत्येक फेरीत सारखा हवा.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत डॅनियल केनेडी आणि राल्फ अडॉल्फ्स यांच्या गटाने अशी मोजणी केली. सर्वसाधारण माणसं सरासरी ६४ सेंमीवर थांबली, म्हणजे जुन्या मापाने जवळपास दीड हात. 'एस. एम.' या नावाने ओळखली जाणारी एक स्त्री मात्र ३४ सेंमीपर्यंत आली. नाकाला नाक लागेल इतकं जवळ कोणी आलं तरी तिला काही वाटेना. तिच्या मेंदूतले दोन्ही अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारे बदामाएवढे भाग, निकामी झालेले आहेत. इतरांना अंतर लागतं हे तिला पक्कं ठाऊक आहे. नियम माहीत आहे, घंटा मात्र वाजत नाही. या साऱ्या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

तिच्या आजाराचं मूळ ईसीएम१ या जनुकातल्या बिघाडात आहे. पण म्हणून त्याला 'अंतराचं जनुक' म्हणणं चूक. या बिघाडाने त्वचा जाड होते, आवाज घोगरा होतो आणि काही रुग्णांच्या अमिग्डालात कॅल्शियम साचतं. अंतराची जाणीव जाते ती या आडवाटेने.

घंटा अमिग्डालाची, पण अंतर कोण जोखतं? माकडांच्या मेंदूत वरच्या-मागच्या बाजूच्या पार्श्वखंडात आणि त्याच्याशी जोडलेल्या पुढच्या भागात अशा चेतापेशी सापडल्या आहेत, ज्या गालाला स्पर्श झाला तरी चेततात आणि गालाकडे एखादी वस्तू येताना दिसली तरी. तीच वस्तू दूर नेली की बहुतेक पेशी थंडावतात. यांतल्या काही जागी विजेची हलकी चेतना दिली, की माकड डोळे मिचकावतं, मान वळवतं, हात आडवा धरतं.

विल्यम्स सिंड्रोम या जन्मजात विकारात सातव्या गुणसूत्राच्या एका प्रतीवरची पंचवीसच्या आसपास जनुकं गळालेली असतात. ही मुलं अनोळखी माणसांना थेट जाऊन बिलगतात आणि रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांना त्यांचा अमिग्डाला कमी प्रतिसाद देतो. त्यांना 'लांब उभा राहा' म्हणून रागावणं व्यर्थ आहे, कारण लांब म्हणजे किती हे आतून कोणी सांगतच नाही. त्यांना डोळ्यांना दिसणारं माप द्यावं लागतं: हात सरळ पुढे केला तर समोरच्याला लागू नये, एवढं.