रेक्रेआतिवो दे उएल्वा : कंपनीच्या क्लबापासून गावाच्या क्लबापर्यंत

स्पेनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या सीमेजवळ, उएल्वा नावाचे बंदर आहे. तिथल्या ओदिएल नदीच्या पात्रात एक लांबलचक लोखंडी धक्का अजून उभा आहे. 1870 च्या दशकात तो बांधला गेला तेव्हा डोंगरातून आलेले खनिजाचे डबे थेट त्याच्यावर चढत आणि खाली उभ्या असलेल्या बोटींत रिकामे होत. आज संध्याकाळी लोक त्यावर फिरायला जातात, गळ टाकून बसतात. स्पेनमध्ये फुटबॉल कसा आला हे समजून घ्यायचे तर या धक्क्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण खनिज जिथून बाहेर गेले तिथूनच हा खेळ आत आला. त्यातूनच उभा राहिलेला रेक्रेआतिवो दे उएल्वा हा स्पेनमधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब आज देशाच्या चौथ्या स्तरावर खेळतो.

उएल्वाच्या उत्तरेच्या डोंगराळ भागातून रिओ तिंतो नावाची नदी वाहते. लोह आणि आम्ल यांमुळे तिचे पाणी लाल वाइनच्या रंगाचे दिसते. नावही त्यावरूनच पडले. तिच्या उगमाजवळ हजारो वर्षे तांब्याच्या खाणी चालत आल्या होत्या. 1873 मध्ये स्पेनमध्ये पहिले प्रजासत्ताक नुकतेच आले होते, तिजोरीत खडखडाट होता, आणि सरकारने या खाणी ह्यू मॅथिसनच्या पुढाकाराखालील परदेशी गटाला विकून टाकल्या. रिओ तिंतो कंपनी जन्माला आली ती अशी. दोन-तीन वर्षांत कंपनीने खाणीपासून बंदरापर्यंत 84 किलोमीटरची रेल्वे टाकली, धक्का बांधला आणि इंग्लंड-स्कॉटलंडहून अभियंते, कारकून, डॉक्टर आणले. खाणीच्या गावात या साहेबांची वस्ती वेगळी होती. तिचे नाव बेया विस्ता, भोवती भिंत, आत टेनिस कोर्ट आणि प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिर. स्थानिक माणूस तिथे जायचा तो कामापुरता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. तांबे वेगळे काढण्यासाठी कंपनी खनिजाचे प्रचंड ढीग उघड्यावर महिनोन्‌महिने धुमसत ठेवायची. या ढिगांना तिथे ‘तेलेरा’ म्हणत. त्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने शेते करपायची, माणसे खोकून बेजार व्हायची, आणि धूर फारच दाटला की काम बंद राहून मजुरी कापली जायची. 4 फेब्रुवारी 1888 रोजी खाणकामगार आणि आसपासच्या गावांतले शेतकरी बायकामुलांसह रिओतिंतोच्या नगरपालिकेसमोर जमले. सैनिकांनी त्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा डझनभर मृतांचा होता, लोकांच्या तोंडी तो कितीतरी मोठा राहिला. त्या मुलखात 1888 हे साल आजही ‘गोळ्यांचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते.

क्लब स्थापन झाला तो याच कंपनीच्या माणसांकडून, या घटनेला दोन वर्षेही उलटली नव्हती तेव्हा. क्लबाच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक वेळा उमद्या खिलाडूवृत्तीच्या इंग्रजांपासून करतात. ते इंग्रज होतेच, पण धूरही होता, आणि एक सांगून दुसरे गाळले तर गोष्ट अर्धी राहते.

23 डिसेंबर 1889 रोजी उएल्वातल्या कोलोन हॉटेलात सभा भरली आणि ‘उएल्वा रिक्रिएशन क्लब’ रीतसर स्थापन झाला. यामागची मुख्य व्यक्ती होती कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर विल्यम अलेक्झांडर मॅकाय. मोकळ्या हवेतला खेळ हे औषध आहे असे मानणारा हा माणूस होता. उएल्वाकर त्याला ‘दोन आलेहांद्रो’ म्हणू लागले, आणि पुढे शहराने त्याला आपला दत्तक पुत्र मानले. क्लब निव्वळ फुटबॉलचा नव्हता. क्रिकेट, टेनिस असे बरेच काही चाले. सामने व्हायचे ते बहुतेक आपसांत, किंवा बंदरात लागलेल्या बोटींच्या खलाशांशी.

पहिला खरा प्रतिस्पर्धी मिळाला सेव्हियात. तिथल्या ब्रिटिश मंडळींनीही नुकताच क्लब काढला होता आणि त्यांचे आमंत्रणाचे पत्र उएल्वात आले. 8 मार्च 1890 रोजी सेव्हियाच्या ताब्लादा घोडदौडीच्या मैदानावर सामना झाला. स्पेनमधल्या दोन क्लबांमधला नोंद असलेला हा पहिला सामना. सेव्हियाने तो 2-0 असा जिंकला. उएल्वाच्या अकरा जणांच्या यादीत स्मिथ, बार्कर, डॅनियल्स अशी नावे ओळीने येतात आणि मध्येच दोन स्पॅनिश आडनावे दिसतात : कोतो आणि दुक्लोस. मला त्या सामन्याच्या निकालापेक्षा ही दोन नावे जास्त महत्त्वाची वाटतात. साहेबांच्या खेळात गावाने टाकलेले ते पहिले पाऊल होते.

वडीलकीवरून वाद होतच राहिला आहे. तारागोनाचा जिम्नास्तिक 1886 चा आहे, पण तो व्यायामशाळा म्हणून सुरू झाला आणि फुटबॉलकडे 1914 मध्ये वळला. सेव्हियाचे म्हणणे असे की केवळ फुटबॉलसाठी निघालेला पहिला क्लब आमचा. तरी स्पेनभर ‘एल देकानो’, म्हणजे सर्वांत वडीलधारा, म्हटले की रेक्रेआतिवोच समजला जातो.

1892 मध्ये कोलंबसाच्या सफरीला 400 वर्षे झाली. कोलंबस निघाला होता तो उएल्वाच्या समोरच्याच पालोस बंदरातून, त्यामुळे सोहळा इथे मोठा झाला आणि त्याच निमित्ताने क्लबाचे ‘वेलोद्रोमो’ हे मैदान खुले झाले. भोवती सायकल शर्यतीचा मार्ग, मध्ये फुटबॉल. 1957 पर्यंत क्लब तिथेच खेळला. नंतरच्या दोन्ही मैदानांना नाव मिळाले ते कोलंबसावरूनच, ‘कोलोम्बिनो’. 1965 पासून ऑगस्टच्या जत्रेत याच नावाच्या चषकाचे सामने होऊ लागले.

विसाव्या शतकाचा बराचसा भाग क्लब खालच्या विभागांतच राहिला. माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ या शहरांकडे पैसा आणि माणसे होती. उएल्वातून तांबे बाहेर जायचे, नफाही बाहेरच जायचा. 1954 मध्ये कंपनीने खाणींचा मोठा वाटा स्पॅनिश मालकांना विकला. 1975 मध्ये धक्क्यावरची वाहतूक थांबली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1978 मध्ये, रेक्रेआतिवो पहिल्यांदा पहिल्या विभागात पोहोचला आणि एका मोसमात परत खाली आला.

खरे वैभवाचे दिवस यायला एकविसावे शतक उजाडले. 2002-03 चा मोसम तर विलक्षणच. लुकास आल्काराझच्या मार्गदर्शनाखाली संघ पहिल्या विभागाच्या लीगमध्ये धडपडत होता, आणि राजाच्या चषकात (कोपा देल रे, स्पेनची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा) मात्र एकेक फेरी ओलांडत चालला होता. 28 जून 2003 रोजी एल्चे इथे अंतिम सामना झाला. समोर मायोर्का, त्यांच्याकडे कॅमेरूनचा आघाडीवीर सॅम्युएल एतो. एतोने दोन गोल केले, पांदियानीने एक, निकाल 3-0. पहिल्या विभागातून घसरण आणि चषकाचा अंतिम सामना, दोन्ही एकाच मोसमात उएल्वाच्या पदरात पडले.

मार्सेलिनोच्या हाताखाली 2006 मध्ये संघ दुसऱ्या विभागाचा विजेता होऊन परतला. त्या संघात तरुण सान्ती कासोर्लाही आला. 20 डिसेंबर 2006 रोजी बेर्नाबेउवर रियाल माद्रिदशी सामना होता. त्यासाठी निघालेल्या चाहत्यांच्या एका बसला वाटेत अपघात झाला आणि चार जण गेले. खेळाडू ही बातमी मनात घेऊन मैदानात उतरले आणि रियालला त्यांच्याच घरात 3-0 ने हरवले. गोल सिनामा-पोंगोल, उचे आणि विकेइरा यांचे. क्लबाच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय असावा. पण उएल्वात त्या रात्री कुणी फटाके वाजवले नसतील. मोसम संपला तेव्हा संघ आठवा होता.

2009 मध्ये पुन्हा घसरण झाली आणि या वेळी ती थांबली नाही. मोठ्या विभागाचे उत्पन्न आटले, देणी तशीच राहिली. कर आणि सामाजिक सुरक्षेची थकबाकी साचत गेली, खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने अडकले. 2015 मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर गेला. क्लब आता कायमचा बंद पडणार असे वातावरण झाले, तेव्हा चाहते रस्त्यावर उतरले, निधी गोळा करू लागले.

जून 2016 मध्ये उएल्वाच्या नगरपालिकेने क्लबाचे समभाग सार्वजनिक हितासाठी सक्तीने ताब्यात घेतले. रस्त्यासाठी जमीन संपादित करतात, तसा क्लब संपादित केला. त्याच वर्षी अंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने रेक्रेआतिवोला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. एखादी जुनी वास्तू, एखादी लोकपरंपरा जशी कायद्याने जपली जाते तसा फुटबॉल क्लब जपायचा, हे यापूर्वी सहसा कुणी केले नव्हते. कपाटात ना पहिल्या विभागाचे विजेतेपद होते ना राजाचा चषक. हा दर्जा मिळाला तो 1889 या सालाच्या बळावर, आणि जे रोप परक्या कंपनीने लावले ते तीन-चार पिढ्यांनी आपले म्हणून वाढवले, याच्या बळावर.

दर्जा मिळाल्याने गोल होत नाहीत, हे पुढे दिसलेच. 2020-21 च्या मोसमात स्पॅनिश महासंघाने खालच्या विभागांची रचना बदलली आणि त्या उलथापालथीत खराब खेळलेला रेक्रेआतिवो तिसऱ्यावरून एकदम पाचव्या स्तरावर फेकला गेला. निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट घालून एतोच्या मायोर्काशी अंतिम सामना खेळलेला क्लब आता आसपासच्या छोट्या गावांच्या संघांशी खेळू लागला. 2022 मध्ये एक पायरी वर, 2023 मध्ये दुसरी. 2025 मध्ये पुन्हा एक पायरी खाली. सध्या सेगुंदा फेदेरासिओनचे, म्हणजे चौथ्या स्तराचे, सामने नुएवो कोलोम्बिनोवर होतात. 2001 मध्ये खुले झालेले हे वीस हजारांहून जास्त आसनांचे मैदान लोखंडी धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.