कॉलरा, वाळू आणि दोन शहरांमधली एक रस्ता-हद्द

१८९२च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलरा शिरला, तेव्हा शहराची वस्ती सहा लाखांच्या आसपास होती. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे १७ हजार लोक आजारी पडले आणि साडेआठ हजारांहून जास्त दगावले. त्या वर्षी पश्चिम युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहरात साथ एवढी भडकली नाही. हॅम्बुर्गला खेटून असलेल्या आल्टोनात तर ती धड पसरलीही नाही.

विचित्र गोष्ट अशी की नदीच्या दृष्टीने पाहिलं तर आल्टोनाची अवस्था जास्त वाईट होती. दोन्ही शहरं एल्बे नदीचंच पाणी पीत. हॅम्बुर्ग ते शहराच्या वरच्या अंगाला उचलत असे, तर आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सगळं सांडपाणी मिसळल्यावर. फरक एवढाच की आल्टोनाचं पाणी १८५९पासून ब्लांकेनेजेजवळच्या टेकडीवर वाळूतून गाळलं जात होतं. हॅम्बुर्गचं पाणी हौदांत थोडा वेळ निवळून तसंच नळाला येई. नळातून बारीक मासे आणि ईल निघतात ही तिथे नेहमीची तक्रार होती.

हॅम्बुर्गची पाणीयोजना काही मागास नव्हती. १८४२च्या मोठ्या आगीनंतर विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याने ती आखली आणि त्या काळात ती नमुनेदार मानली जाई. पण तिच्यात गाळण नव्हती. खर्च कोणी उचलायचा यावर व्यापाऱ्यांच्या हातातलं नगरशासन वर्षानुवर्षं घोळत बसलं. शेवटी फिल्टरचं काम सुरू झालं, पण साथ आली तेव्हा ते अर्धवट होतं. त्यात उन्हाळा कडक होता आणि नदीला पाणी कमी. एल्बेला तिथवर समुद्राची भरती पोहोचते, त्यामुळे शहराच्या खालच्या अंगाचं सांडपाणी भरतीबरोबर उलटं चढून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत यायचं. ‘आपण वरच्या अंगाला आहोत’ हा भरवसा ओहोटीपुरताच खरा होता.

जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख बर्लिनहून तिथे पोहोचले, तेव्हा त्यांच्यासमोर एक तयार प्रयोग मांडलेला होता. दोन शहरांची हद्द काही ठिकाणी साध्या रस्त्यांमधून जात होती. हवा, माती, गटारं आणि माणसांची गरिबी दोन्ही बाजूंना सारखीच, फक्त नळ वेगळे. शुल्टरब्लाट या रस्त्यावर हॅम्बुर्गच्या बाजूची घरं आजारी पडत होती आणि आल्टोनाच्या बाजूची धडधाकट होती. तिथेच कामगारांच्या घरांचा एक मोठा वाडा होता. तो हॅम्बुर्गच्या हद्दीत होता, पण जोडणीच्या सोयीसाठी त्याला आल्टोनाचं पाणी दिलेलं होतं. त्या वाड्यात कॉलरा झाला नाही.

साथ पाण्यातल्या जंतूने येते की नाही, हा वाद एवढ्यावर मिटायला हरकत नव्हती. तरी म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी ऑक्टोबरमध्ये कॉलराच्या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं. जंतू एकटा साथ आणू शकत नाही, स्थानिक जमिनीत काहीतरी बदल व्हावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना जुलाबांवर निभावलं. धाडस मोठं होतं, पण एका माणसाच्या पोटावरून शहराच्या नळाबद्दल काही ठरत नाही. हॅम्बुर्गच्या कारभाऱ्यांना मात्र हे मत सोयीचं होतं. जंतू दोषी नसेल तर बंदर बंद करायला नको आणि फिल्टरचीही घाई नको.

आता वाळूकडे वळू. पाव मिलिमीटर व्यासाच्या दाण्यांमधली फट साधारण ४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि कॉलराचा जंतू दोन-तीन मायक्रॉन लांब. म्हणजे तेरा ते वीस पट मोठं भोक. वाळू जंतूला चाळून अडवते हा समज इथेच मोडतो. खरं काम दोन ठिकाणी होतं. पहिलं, दाण्यांच्या पृष्ठभागावर. अशा एक घनमीटर वाळूत सगळ्या दाण्यांचा मिळून पृष्ठभाग जवळपास १५ हजार चौरस मीटर भरतो. त्याला जंतू चिकटतात आणि तिथे उपाशी राहून मरतात किंवा दुसऱ्या सूक्ष्मजीवांचं खाद्य होतात. दुसरं, वाळूच्या अगदी वरच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्ये. तिथे शेवाळ, जिवाणू, आदिजीव आणि गाळ यांची बुळबुळीत साय धरते. तंत्रज्ञ तिला श्मुट्झडेके म्हणतात. जंतूंचा मोठा हिस्सा इथेच संपतो. नवी, स्वच्छ धुतलेली वाळू म्हणूनच सुरुवातीला जवळजवळ निकामी असते.

संथ वाळू-फिल्टरची मापं आजही फारशी बदललेली नाहीत. तळाशी निचऱ्याचे पाइप, त्यावर खाली जाड आणि वर बारीक अशी सुमारे ३० सेंटिमीटर खडी, तिच्यावर ८० सेंटिमीटर ते १ मीटर वाळू. वाळूचा परिणामी आकार (ज्या चाळणीतून वजनाने दहा टक्के वाळू खाली पडते तिच्या भोकाचं माप) ०.१५ ते ०.३५ मिलिमीटर, आणि दाणे शक्य तितके एकसारखे. वर साधारण एक मीटर पाणी. वेग ताशी १० ते २० सेंटिमीटर. ताशी १० सेंटिमीटरने एका चौरस मीटरमधून दिवसाला २,४०० लिटर पाणी मिळतं. दहा हजार वस्तीला माणशी १०० लिटर द्यायचं तर सुमारे ४२० चौरस मीटर वाळू लागते. वर एखादा कप्पा सफाईसाठी बंद असेल तेव्हाची सोय वेगळी. हा हिशोब न करता दोनच कप्पे बांधले, तर एक बंद केल्यावर दुसऱ्याचा वेग दुप्पट होतो आणि गाळण नेमकी तेव्हा फसते.

फिल्टर पहिल्यांदा भरायचा तो खालून. तळाच्या पाइपांतून पाणी हळूहळू वर चढवलं की दाण्यांमधली हवा निघून जाते. वरून ओतलं तर हवेचे कप्पे अडकतात आणि पाणी त्यांना वळसा घालून मोजक्या वाटांनी धावतं. भिंतींची आतली बाजू वाळूच्या उंचीत मुद्दाम खरबरीत ठेवतात, कारण गुळगुळीत भिंतीला लागून पाणी न गाळताच खाली उतरतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बांध वाळूच्या माथ्यापेक्षा किंचित उंच असावा लागतो, म्हणजे वाळू कधी कोरडी पडत नाही. त्यानंतर साय धरेपर्यंत, उष्ण हवेत काही दिवस आणि थंडीत काही आठवडे, गाळलेलं पाणी वाया सोडायचं. हीच पायरी सगळ्यांना टाळावीशी वाटते.

साय दाट झाली की पाणी तुंबतं. मग पाण्याची पातळी वाळूखाली नेऊन सपाट फावड्याने वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढतात. त्याहून जास्त नाही. असं करत थर अर्ध्या मीटरवर आला की नवी वाळू भरायची.

या खरवडण्यातच आल्टोनाचा घात झाला. १८९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे मोठी साथ ओसरल्यावर, तिथे कॉलराचे रुग्ण अचानक दिसू लागले. फिल्टर उघड्यावर होते आणि थंडी कडाक्याची होती. पाणी उतरवून वाळू उघडी केली की तिचा माथा गोठायचा. त्यावर पुन्हा पाणी सोडल्यावर गाळण धड होत नव्हती. कप्पा मात्र चालू दिसायचा आणि पाणीही नितळ दिसायचं. सगळ्या कप्प्यांचं पाणी एकत्र झाल्यावर एका बिघडलेल्या कप्प्याची घाण बाकीच्यांच्या चांगल्या पाण्यात विरते, आकड्यात थोडी वाढ दिसते आणि ती कोणाच्या नजरेत भरत नाही. मला तर हॅम्बुर्गच्या संहारापेक्षा हा हिवाळी अपघात जास्त शिकवणारा वाटतो. फिल्टर नसल्याने काय होतं ते हॅम्बुर्गने दाखवलं. फिल्टर असूनही काय होऊ शकतं ते आल्टोनाने.

कॉखनी यातून जे नियम काढले ते कोरडे आणि मोजता येण्यासारखे होते. वेग ताशी १०० मिलिमीटरच्या वर नेऊ नये, आणि तो राखायला प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झडप असावी. खरवडून खरवडून वाळूचा थर ३० सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. प्रत्येक कप्प्याच्या पाण्याची रोज वेगळी तपासणी व्हावी. एका घन सेंटिमीटरमध्ये १००हून जास्त जंतू आढळले, तर ते पाणी साठवण टाकीत न जाता बाहेर सोडता आलं पाहिजे. हे शक्य झालं ते कॉखनीच दशकभर आधी बसवलेल्या तंत्रामुळे: पाणी वितळलेल्या जिलेटिनमध्ये मिसळून त्याचा पातळ थर ओतायचा आणि उगवणाऱ्या वसाहती मोजायच्या. तोवर फिल्टरची परीक्षा डोळ्यांनी होत असे. नितळपणा हा जंतू नसल्याचा पुरावा नाही.

या फिल्टरच्या मर्यादाही ठाऊक असायला हव्यात. पुराचं गढूळ पाणी थेट सोडलं तर काही दिवसांतच तो गच्च होतो, म्हणून आधी निवळण हवी. विरघळलेलं फ्लोराइड किंवा क्षार तो काढत नाही. थंड पाण्यात सूक्ष्मजीव मंदावतात आणि गाळणही मंदावते. पाणी थांबून राहिलं तर सायीतले जीव ऑक्सिजनअभावी मरतात. घरगुती जैव-वाळू फिल्टरमध्ये पाणी ओतणं बंद असतानाही वाळूवर सुमारे ५ सेंटिमीटर पाणी राहील अशी नळी वळवलेली असते, ती याचसाठी: थर ओला राहतो आणि हवाही पोहोचते. हे पाणी १५ सेंटिमीटर झालं तर ऑक्सिजन तळापर्यंत उतरत नाही, शून्य झालं तर साय वाळते. फिल्टरनंतर बहुतेक ठिकाणी क्लोरीन लागतं, कारण पुढच्या पाइपांमध्ये काय झिरपतं यावर वाळूचा काही ताबा नसतो.

हॅम्बुर्गचे फिल्टर मे १८९३मध्ये काल्टेहोफे बेटावर सुरू झाले. त्यानंतर शहराचे आरोग्याधिकारी राइन्के यांना मृत्यूच्या नोंदींत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. अमेरिकेत लॉरेन्स या शहरात अभियंते हायरम मिल्स यांनाही फिल्टर बसवल्यावर तेच आढळलं. विषमज्वराचे मृत्यू घटणारच होते. पण एकूण मृत्यू त्याहून कितीतरी जास्त घटले, ज्यांचा पाण्याशी संबंध कोणी लावला नव्हता असेसुद्धा. नंतर अमेरिकन पाणी-अभियंते अॅलन हेझन यांनी अंदाज मांडला की विषमज्वराचा एक मृत्यू टळला की इतर कारणांचे दोन-तीन टळतात. हे गुणोत्तर शहरागणिक बदलतं आणि पुढच्या अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. पण दिशा तीच राहिली. लहान मुलांचे जुलाब हा त्यातला एक मोठा वाटा होता, आणि त्यांची नोंद अनेकदा ‘अशक्तपणा’ किंवा ‘दात येणं’ अशा नावांखाली होत असे, त्यामुळे पाण्याच्या खात्यावर ते सहसा लिहिले गेले नव्हते.