समोरून दाबलेला गळा आणि मागून आवळलेली मान

दोन्ही वेळी ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही, म्हणून या दोन पकडी एकच वाटतात. शरीरात मात्र वेगवेगळं घडतं आणि सुटकेचा क्रमही बदलतो.

समोरून दोन हातांनी गळा धरला की अंगठे श्वासनलिकेवर येतात. जीव घुसमटतो, भयंकर दुखतं, पण शुद्ध बहुधा लगेच जात नाही. बोटं मानेच्या बाजूंना रुतली तर मात्र तीही लवकर जाते. मागून कोपरात मान सापडली की एका बाजूने दंड आणि दुसऱ्या बाजूने पुढचा हात मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या चेपतो. श्वास चालू असतानाही दहाएक सेकंदांत, कधी त्याआधीच, डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘श्वास घेता येतोय, म्हणजे वेळ आहे’ हा समज इथे जिवावर बेततो.

म्हणून मागच्या पकडीत पहिलं काम लाथ मारणं नव्हे. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवून हल्लेखोराच्या मनगटाजवळ अडकवा आणि हात छातीकडे खाली ओढा. त्याच वेळी हनुवटी खाली घेऊन त्याच्या कोपराच्या आतल्या खळग्याकडे वळवा, म्हणजे गळ्यापुढे थोडी पोकळी राहते. गुडघे वाकवून वजन खाली टाका. फास ढिला झाला की टाच त्याच्या पावलावर आपटा, खांदा आत घालून डोकं त्याच्या काखेखालून काढा आणि पळा. एक हात सोडून मागे ओरबाडत बसणं ही नेहमीची चूक. राहिलेल्या एका हाताला त्याचा फास आवरत नाही.

समोरच्या पकडीत त्याची मनगटं धरून ओढाताण करू नका, त्यात ताकदवान माणूसच जिंकतो. हनुवटी खाली, एक पाय मागे. एक हात सरळ वर, दंड कानाला चिकटलेला. आता वर नेलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूला कंबरेपासून झटक्यात वळा. खांदा त्याच्या मनगटांवर आदळतो आणि पकड अंगठ्यांकडून सुटते, कारण तीच तिची कमजोर बाजू. म्हापशाच्या बाजारामागच्या एखाद्या अरुंद बोळात पाठ भिंतीला टेकलेली असेल तर पाय मागे घेता येत नाही. तेव्हा जागच्या जागी वळा.

शेवटच्या कदंबा बसमधून उतरून घरी चालत जाणाऱ्यांनी हे घरच्या कुणाबरोबर आधी संथपणे करून पाहावं. सराव करताना गळा कधीच दाबू नका, हात गळ्याखालच्या हाडावर ठेवा. दोनदा थोपटलं की ताबडतोब सोडायचं.

सुटल्यावर ११२. मानेवर एकही वळ नसला तरी त्याच रात्री १०८ बोलावून किंवा स्वतःच्या वाहनाने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जा. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, लघवी सुटणं, घटनेचा काही भाग न आठवणं, हे सगळं डॉक्टरांना सांगा. सूज काही तासांनी वाढू शकते. धमनीच्या आतला पापुद्रा फाटला असेल तर पक्षाघात काही दिवसांनीही होतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यांत नाही आणि धोका टळला की हक्कही संपतो. सुटल्यावर मागे फिरून त्याला तुडवलंत, तर तो बचाव राहत नाही. मानेचे फोटो लगेच काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा; वळ रात्रभरात गडद होतात.